माळ्यावरचं बोचकं

"ताई, येवढ्या कपड्यांत डबा न्हाई येत. वाटी घ्या, न्हाईतर ही पळी घ्या, आन् मला वाटंला लावा."

हौसाबाई बोहारीण आमच्या पायरीवर ऐसपैस बसली होती. पाटीतली स्टीलची भांडी उन्हात चकाकत होती आणि माझा डोळा त्यातल्या एकाच भांड्यावर होता. पायलीभर पीठ सहज मावेल असा, घट्ट झाकणाचा डबा. आमच्या पत्र्याच्या डब्याला खालून गंज लागला होता, ज्वारीच्या पिठात जाळी होत होती आणि दर पंधरवड्याला मूठमूठ पीठ गाईला घालावं लागत होतं. माझ्या राज्यात मूठभर पीठ वाया गेलं तरी मला आपल्याच अंगाचा लचका तुटल्यासारखं वाटायचं.

"या पँटी बघा की नीट. गुडघ्यावर जरा विरल्यात, एवढंच," मी म्हटलं.

"विरल्यात न्हवं बाई, गेल्यात." तिनं पँट उजेडात धरली. "ह्यातनं मला तुमच्या सैपाकघरातली चूल दिसतीया."

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. सौद्यात हसणारा फसतो, असं माझी आई म्हणायची.

आईकडूनच हे सगळं आलं होतं. लातूरला वडील प्राथमिक शाळेत मास्तर आणि आम्ही पाच बहिणी. आईनं कोंड्याचा मांडा करून आम्हाला वाढवलं. साबणाचे उरलेले तुकडे जुन्या पायमोज्यात भरून त्यानं भांडी घासायची, चहाचा चोथा वाळवून गुलाबाला घालायचा, दोडक्याच्या शिरांची चटणी करायची, एका जळक्या काडीनं दुसरा स्टोव्ह पेटवायचा, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. बार्शीला लग्न होऊन आले आणि काही महिन्यांतच हे कामाला होते ती तेलाची गिरणी मालकांच्या भाऊबंदकीत बंद पडली. सगळं घर थोरल्या भावजींच्या सायकलच्या दुकानावर आलं. मग माझ्या या विद्येला एकदम किंमत आली. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, चार बायकांत सांगायच्या, "आमची शैलजा दगडाला पाझर फोडंल." आणि एके दिवशी त्यांनी कोठीच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या.

त्या किल्ल्या आधी अक्कांकडे होत्या.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, रत्नमाला. माझ्या आधी कितीतरी वर्षं त्या या घरात आल्या होत्या, पण त्यांना मूल नव्हतं. किल्ल्या देताना त्यांनी कपाळाला आठीही घातली नाही. उलट म्हणाल्या, "मागच्या कोठीचं कुलूप अडतं बघ. किल्ली आधी जरा बाहेर ओढायची, मग फिरवायची." मी मान डोलावली आणि किल्ल्या कमरेला खोचल्या. त्यांना काय वाटलं असेल हा विचार मला शिवलासुद्धा नाही. तेव्हा मी स्वतःवरच खूश होते.

त्या दिवशी अक्का आणि भावजी सकाळच्या एसटीनं सोलापूरला गेले होते. तिथे एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या आणि त्यांच्या हाताला यश आहे असं ऐकलं होतं. आत्याबाईंना हे फारसं पटत नव्हतं. नवस झाले, उपास झाले, अंगारे झाले, आता देवानंच नाही म्हटल्यावर डॉक्टर काय करणार, असं त्यांचं म्हणणं. पण त्या अडवत नव्हत्या. "तिला आशा हाय तवर जाऊ दे," एवढंच म्हणायच्या. आणि अक्कांना आशा होती. गोळ्यांची पुडी देवाच्या पाटाखाली ठेवून, नमस्कार करून मगच त्या गोळी घ्यायच्या. आत्याबाई स्वतः तेव्हा कुर्डुवाडीला लेकीकडे होत्या. म्हणजे घरात मी एकटी, कमरेला किल्ल्या आणि पायरीवर बोहारीण.

"बरं, अजून काय घालू? एकदाच सांगा," मी म्हटलं.

"चार लुगडी घाला. डबा तुमचा."

लुगडी म्हटल्यावर मला माळ्यावरचं बोचकं आठवलं. दसऱ्याच्या साफसफाईला कोठीच्या माळ्यावर मी ते पाहिलं होतं. जुन्या धोतरात गाठ मारून ठेवलेलं, आत नऊवारी लुगडी, रंग उडालेली, किनारी विरलेल्या. उंदरांना बाळंतखोली करून ठेवली आहे, असं मी तेव्हा यांना म्हटलंही होतं. मी शिडी लावली आणि ते खाली आणलं. गाठ सोडली तर आतून कडुलिंबाचा वाळका पाला भुरभुर पडला. तो मी झाडून केरात टाकला.

हौसाबाईनं एक लुगडं दोन बोटांत चोळून बघितलं. "मऊ हायेत. नेसायला गेली, पर पुसायला बेस." मग तिनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "घरात इचारलंय न्हवं?"

"घरातलं मीच बघते," मी म्हटलं आणि कमरेच्या किल्ल्या उगाचच सारख्या केल्या.

डबा घरात आला. त्यात पीठ चाळून भरलं, झाकण लावलं, दोन पावलं मागं जाऊन बघितलं. एक पैसा न मोडता केवढी वस्तू घरात आली. आत्याबाई आल्या की त्यांना काय काय सांगायचं हे मी मनात जुळवूनही ठेवलं.

दुपार कलता कलता अक्का आल्या. भावजी परस्पर दुकानावर गेले होते. मी दार उघडलं आणि त्यांच्याकडे बघतच राहिले. एसटीच्या धुळीनं केस पांढुरके झाले होते, पण चेहरा असा उजळलेला मी आजवर बघितला नव्हता.

"शैला, पाणी दे गं आधी," म्हणत त्या उंबऱ्यातच टेकल्या. तांब्याभर पाणी प्यायल्या आणि पदरानं तोंड पुसत सांगू लागल्या, "बाई फार चांगल्या आहेत. सगळं तपासलं. म्हणाल्या, तुमच्यात न होण्यासारखं काही नाही. दोन महिने या गोळ्या घ्या, मग एक लहानसा इलाज करायचाय, त्यासाठी परत या. म्हणाल्या, आत्ताच आलात ते बरं झालं, आणखी उशीर करू नका."

"मग जायचंच," मी म्हटलं. मला खरंच आनंद झाला होता.

"जायचंच. हेही हो म्हणालेत." त्या उठल्या. हातपाय धुतले, देवापुढे पुडी ठेवली आणि कोठीकडे वळल्या. "शिडी कुठाय गं?"

"कशाला?"

"माळ्यावर आपलं बोचकं आहे ना, त्याला ऊन दाखवते. पाला पण बदलायला झालाय."

माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला. खरं म्हणजे तेव्हाच काय ते सांगायचं. पण मी गप्प उभी राहिले आणि त्या शिडी चढून वर गेल्या. वरून त्यांचा आवाज आला.

"शैला, कुठं हलवलंस गं?"

"अक्का... ती जुनी लुगडी मी बोहारणीला दिली. डब्यासाठी."

मग त्या एकेक पायरी चाचपडत खाली आल्या आणि शेवटच्या पायरीवर बसल्या.

"मला वाटलं चिंध्याच आहेत," मी म्हटलं. "नेसायच्या कामाच्या नव्हत्या, गोधडीलाही कुणी घेतल्या नव्हत्या."

"बाळासाठी होती ती," अक्का म्हणाल्या. "दुपटी, लंगोट, टोपडी. नव्या कापडानं बाळाचं अंग सोलतं, जुनंच लागतं. आणि आधीपासून शिवून ठेवायचं नसतं ना, म्हणून तशीच ठेवली. दोन आत्याबाईंनी दिली होती, माझं लग्न झालं त्या वर्षी. म्हणाल्या होत्या, ठेव, लवकरच लागतील." त्यांनी वर माळ्याकडे पाहिलं. "एक माझ्या आईचं होतं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रडले असते, पाय धरले असते आणि निम्मं पाप तिथंच फिटलं असतं. पण त्या चिडल्या नाहीत. मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत्ता जाऊन आणू," मी म्हटलं. "हौसाबाईचं घर मला माहीत आहे. लांब नाही."

आम्ही तशाच निघालो. मी डबा रिकामा करून बरोबर घेतला होता. हौसाबाई दारात सकाळच्या कपड्यांचे ढीग लावत बसली होती. आम्हा दोघींना आणि डब्याला बघून तिला सगळं कळलं असावं. तिनं मान खाली घातली.

"जरीची असती तर ठिवली असती हो," ती म्हणाली. "सुती मऊ कापड मी घरात ठिवत न्हाई. फाटकापल्याड चिंधीवाल्याचं गुदाम हाय, थितं दुपारीच घातलं. त्ये गाठोडी बांधून कारखान्यांत धाडत्यात, मशिनी पुसायला. आज ट्रक भरायचा म्हनत हुता." मग हळूच म्हणाली, "मी इचारलं हुतं ताईंला."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "डबा तुझ्याकडं राहू दे," त्या तिला म्हणाल्या. "लुगडी मिळाली तर सौदा मोडला असं समज. नाही मिळाली तर आम्ही नेऊ."

रेल्वेच्या फाटकापर्यंतचा रस्ता आम्ही जवळजवळ पळतच गेलो. मला सकाळपासून कसंतरी होत होतं. उन्हानं असेल, उपाशीपोटी असेल, असं मी स्वतःला सांगत आले होते. खरं कारण मला ठाऊक होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती. रुळांपलीकडे गुदाम दिसत होतं, त्याच्यापुढे ट्रक उभा होता आणि दोघंजण गाठोडी वर फेकत होते.

"खालून वाकून जाऊ," अक्का म्हणाल्या. "चल, अजून भरतायत."

मी वाकले आणि डोळ्यांपुढं काळोख आला. फाटकाचा खांब धरून मी तिथंच खाली बसले आणि भडभडून ओकले. अक्का दांडीच्या पलीकडे गेल्या होत्या. त्या परत आल्या. माझं कपाळ धरलं, पाठीवरून हात फिरवला. उसाच्या रसाच्या गाड्यावरून पाणी आणून तोंडावर मारलं. मी सावरल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"शैला, पाळी कधी आली होती?"

मी पदर तोंडाला लावला.

"दोन महिने झाले?"

मी होकारार्थी मान हलवली.

"आणि सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला कसं सांगू, अक्का?" मला रडू फुटलं. "तुम्ही सोलापूरला निघालेल्या आणि मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"वेडी आहेस," त्या म्हणाल्या. पदरानं त्यांनी माझं तोंड पुसलं. मालगाडी आली. तिचे डबे संपता संपेनात.

"अक्का, तुम्ही जा. मी बसते इथं. मला काही होत नाही."

"पहिलटकरणीला असं रस्त्यावर टाकून जाऊ?" गाडी गेली, फाटक उघडलं. समोरून तो ट्रक आमच्या दिशेनंच आला आणि आमच्या अंगावर धूळ उडवत निघून गेला. अक्कांनी हात वर केला, थोडासाच. ट्रकवाल्याला तो दिसला नसावा. "चल घरी," त्या म्हणाल्या.

त्यांनी टांगा केला. वाटेत मी एवढंच म्हणत होते की आत्याबाईंना मी सगळं सांगेन, माझी चूक आहे, मी सांगेन. अक्का म्हणाल्या, "आधी गोड बातमी सांगू. बाकीचं बघू." डबा त्यांनीच हौसाबाईकडून परत आणला.

आत्याबाई कुर्डुवाडीहून आल्या तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. अक्कांनीच त्यांना माझी बातमी सांगितली. आत्याबाईंनी माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली, देवापुढे साखर ठेवली, मला पाटावर बसवलं. गिरणी बंद पडल्यापासून त्या घरात कुणी इतकं मोठ्यानं हसलं नव्हतं. मी पण हसत होते. अपराध विसरायला माणसाला फार वेळ लागत नाही.

"रत्ना," आत्याबाई म्हणाल्या, "माळ्यावरली लुगडी काढ गं. आता हिच्या लेकराच्या कामी येतील. तुझ्या वक्ताला बघू फुडं."

मी पाटावरून उठायला लागले. सांगणारच होते. "आत्याबाई, ती लुगडी..."

"मी दिली ती," अक्का म्हणाल्या.

"दिली? कुणाला?"

"बोहारणीला. पिठाचा डबा घेतला त्यावर."

आत्याबाई डब्याकडे बघत राहिल्या, मग अक्कांकडे. "तू दिलीस? इतकी वर्सं जिवाशी धरून ठिवलीस, दरसाल पाला घातलास, आन् बोहारणीला दिलीस?"

"हो. म्हटलं, कशाला उगाच ठेवायची?"

मला वाटलं, आता आत्याबाई कडाडतील. पण त्या मऊ झाल्या. त्यांनी अक्कांच्या डोक्यावर हात ठेवला. हे मी फार क्वचित पाहिलं होतं.

"बरं केलंस पोरी. एकदा मनानं सोडलंस ते बरं झालं. मला बोलवत नव्हतं, पर मला ठावं हुतं." मग म्हणाल्या, "मग आता त्या सोलापूरच्या फेऱ्या तरी कशाला? शरीराला तरास, त्याच्या दुकानाचा खाडा. घरात लेकरू येतंयच की. ते काय तुला परकं हाय?"

अक्कांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे, आणि बराच वेळ. मला वाटलं, त्या डोळ्यांनी सांगतायत, गप्प राहा, झालं ते झालं, आता काही बोलू नकोस. मी तसंच समजले. तसं समजणं मला सोयीचं होतं. किल्ल्या माझ्या कमरेला होत्या, आत्याबाईंचा हात नुकताच माझ्या गालावरून फिरला होता, आणि जिभेवर आलेलं वाक्य मी गिळून टाकलं.

"नाही जात," अक्का म्हणाल्या आणि चुलीपुढे बसल्या.

दोन महिन्यांनी सोलापूरला जायची वेळ आली तेव्हा भावजींनी अंगणातून विचारलं, "मग, काढायची का तिकिटं?" त्या आतूनच म्हणाल्या, "नको आता." भावजींनी पुन्हा विचारलं नाही. देवाच्या पाटाखालची पुडी कधी गेली, मला कळलं नाही. मला मुलगी झाली. अक्कांनी आपल्या रोजच्या वापरातल्या दोन सुती साड्या फाडून तिची दुपटी शिवली आणि तिला माझ्यापेक्षा जास्त वेळ मांडीवर घेतलं. लोक म्हणायचे, जावा असाव्यात तर अशा. मी तिला अक्कांच्या मांडीवर देताना दर वेळी मनात हिशेब करायची की थोडंथोडं फिटतंय. दात कोरून कुठं पोट भरतं?

गिरणी सुरू झाली, पुढे आम्ही वेगळे झालो, आत्याबाई गेल्या, भावजीही गेले. परवा मुलीच्या लेकाच्या बारशाला अक्का आमच्याकडे आल्या होत्या. पाहुणे पांगल्यावर आम्ही दोघी खिडकीशी बसून उरलेले फुटाणे खात होतो. त्यांचे दात गेलेत, मी सालं काढून देत होते. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

"अक्का, त्या दिवशी तुम्ही माझं स्वतःवर का घेतलंत?"

कुठला दिवस, असं त्यांनी विचारलं नाही.

"तुला तिसरा लागला होता. आत्याबाईंची जीभ तुला माहीत होती. म्हटलं, पोटुशी आहे, तिला लागायला नको. तेवढ्यापुरतं घेतलं."

"तेवढ्यापुरतं?"

"मग सोलापूरचं निघालं." त्यांनी माझ्या हातातला फुटाणा घेतला, पण तोंडात टाकला नाही. "तेव्हा मी तुझ्याकडं बघितलं होतं, आठवतं? बराच वेळ बघितलं. मला वाटत होतं, आता तू बोलशील."